जेट इंजिनाला खेळणं म्हणणाऱ्यांसाठी

मोठी पोस्ट आहे, आधीच सांगून ठेवतो. आज ना महानगरपालिकेवर लिहितोय, ना उमरेड रोडच्या ट्रॅफिकवर. ते आपलं रोजचंच आहे. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. हसा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात सरकार आहे, कर आहे, मिहान आहे आणि आपल्या पोरांचं भविष्यही आहे.

विषय आहे जेट इंजिनाची मॉडेल्स.

उडणारी विमानं नव्हेत. नुसतं इंजिन. टेबलावर ठेवायचं, एका बाजूनं कापल्यासारखं उघडं, आतलं सगळं दिसेल असं हातभर लांबीचं इंजिन. याचे संच मिळतात. काही प्लास्टिकचे, काही धातूचे. शेकडो सुटे भाग, बारीक स्क्रू, पात्यांच्या चकत्या. ते जोडायचं, बटण दाबलं की पंखा फिरतो. एवढ्यावर थांबणारे बरेच असतात. पण खरा नाद लागतो तो त्यानंतर. संचात आलेलं इंजिन हे कुठलंच खरं इंजिन नसतं, साधारण इंजिनासारखं दिसणारं काहीतरी असतं. त्याला खऱ्या एखाद्या इंजिनाचं रूप द्यायचं, पाती बदलायची, रंग बदलायचा, आतली रचना बदलायची, हा तो छंद. जगभर त्यापायी रात्री जागवणारी माणसं आहेत. आणि एक माणूस आमच्या सक्करदऱ्यातही आहे.

नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. हिंगणा एमआयडीसीत आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले टर्नर आहेत. पन्नाशी ओलांडली आहे. त्यांना आपण इथं टर्नरभाऊ म्हणू. दिवसभर लोखंडाचा कीस काढायचा आणि रात्री जेवण झालं की मागच्या खोलीत ट्यूबलाइटखाली बसून चिमट्यानं अर्ध्या बोटाएवढी पाती बसवायची. मोहल्ल्यात काही जण म्हणतात, "काहून पैसे वाया घालवून राहिला हा मानूस?" भाऊ ऐकून घेतात.

त्यांच्या हाती एक धातूचा संच आला होता. तो त्यांनी जोडला आणि पंधरा दिवसांत पुन्हा खोलला. कारण त्यांना पाहिजे होतं ते ड्रीमलायनरचं इंजिन. एअर इंडियाच्या बोइंग ७८७ ला जनरल इलेक्ट्रिकचं जीईएनएक्स इंजिन असतं. त्याच्या पुढच्या पंख्याचा व्यास १११ इंच, म्हणजे दोन मीटर ८२ सेंटिमीटर. आपल्या घराच्या छताला हात लावायला स्टूल लागतो ना, साधारण तेवढी उंची. भाऊंनी विसास एक असं प्रमाण धरलं. पंखा झाला १४ सेंटिमीटरचा. वरणाच्या वाटीपेक्षा थोडा मोठा.

आता बदल काय काय केले ते सांगतो, कारण त्यातच सगळी गोष्ट आहे.

पहिला बदल पात्यांचा. संचातल्या पंख्याला दोन डझनांवर सरळसोट पाती होती. जीईएनएक्सला १८ च असतात, रुंद आणि पिळदार. खऱ्या इंजिनात ती धातूची नसून कार्बन फायबरची असतात, म्हणून रंगानं काळी. पण पुढची कड टायटॅनियमची, चकाकणारी. कारण पक्षी आदळला तर पहिला मार त्या कडेला बसतो. भाऊंनी पाती थ्रीडी प्रिंटवर काढून घेतली, पॉलिश पेपरनं घासली, काळा मॅट रंग मारला आणि प्रत्येक पात्याच्या कडेला ॲल्युमिनियमच्या टेपची बारीक पट्टी चिकटवली. १८ पात्यांना आठ रात्री लागल्या.

दुसरा बदल मधल्या टोकावर. तिथं पांढरी वळणदार रेघ काढली. विमानतळावर आपण पाहतो ती. इंजिन फिरतंय की थांबलंय हे खाली काम करणाऱ्या माणसाला लांबून कळावं म्हणून ती असते. चुकून जवळ गेला तर संपलं.

तिसरा बदल सगळ्यात अवघड. संचात एकच मोटर होती आणि आतलं सगळं एकाच दिशेला फिरायचं. खऱ्या जीईएनएक्समध्ये एकात एक असे दोन दांडे असतात. बाहेरचा पोकळ, आतला लांब. आणि दोन्ही उलट्या दिशेनं फिरतात. भाऊंनी कबाड्याकडून जुन्या सीडी ड्राइव्हच्या मोटरी आणल्या, लोहाओळीतून बारीक बेअरिंग शोधून आणले, आणि आतला दांडा स्वतः लेथवर काढला. मालकाला विचारून, सुटीनंतर. आता बटण दाबलं की पुढचा पंखा एका बाजूनं आणि मधला गाभा दुसऱ्या बाजूनं फिरतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. भाऊ म्हणाले, "साहेब, हेच तं विशेष आहे जी. बाहेरून काहीच वाटत नाही."

मी मेकॅनिकलचा माणूस नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि वीस वर्षं बातम्या खरडतोय. पण जेट इंजिन कसं चालतं हे मला कुठल्या पुस्तकातून समजलं नाही, त्या मागच्या खोलीत समजलं. पुढचा मोठा पंखा हवा ओढतो. त्या हवेचे दहा भाग धरले तर साधारण नऊ भाग आत जातच नाहीत, गाभ्याच्या बाहेरून मागं फेकले जातात आणि विमानाला पुढं ढकलतात. आत जातो तो फक्त दहावा भाग. तो लहान-लहान होत जाणाऱ्या पात्यांच्या रांगांतून दाबला जातो. मग इंधन, मग आग. ती तापलेली हवा मागच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, टर्बाइन फिरतं, आणि त्याच दांड्यावरचा पुढचा पंखाही फिरतो. म्हणजे मागची आग पुढच्या पंख्याला फिरवते. एवढी साधी गोष्ट. पण कापलेलं मॉडेल समोर ठेवून दांड्यावर बोट फिरवल्याशिवाय ती डोक्यात शिरत नाही.

आणि टर्बाइनची ती पाती! तिथं हवेचं तापमान पंधराशे अंशांच्या वर जातं. ज्या निकेलच्या मिश्रधातूची पाती बनवतात तो त्याच्या आधीच वितळायला लागतो. तरी ती वितळत नाहीत, कारण पातं आतून पोकळ असतं आणि त्याला केसाएवढी भोकं असतात. त्यातून तुलनेनं थंड हवा बाहेर पडते आणि पात्याभोवती पांघरूण धरते. भाऊंनी सर्वात बारीक ड्रिलनं अशी भोकं पाच पात्यांना पाडली. सहावं तुटलं. मग सोडून दिलं. म्हणाले, "देशाले कावेरी इंजिन काहून नाही जमलं, ते मले सहाव्या पात्यावर समजलं."

हसण्यावारी नेऊ नका. आपल्या लढाऊ विमानासाठी स्वदेशी कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला. २००८ मध्ये तेजसपासून तो वेगळा करावा लागला. आजही तेजस अमेरिकन इंजिनावर उडतं. तेजस मार्क १ए साठी ९९ इंजिनांची ऑर्डर २०२१ मध्ये दिली, पहिलं इंजिन २०२५ च्या मार्चमध्ये हातात आलं. विमानाचा सांगाडा तयार आणि इंजिनाची वाट पाहणं चालू. आपल्या शास्त्रज्ञांची बुद्धी कमी आहे असं कोणी म्हणत नाही. पण अशी पाती बनवायला लागतात त्या धातूवर पिढ्यान् पिढ्या काम केलेल्या हातांच्या रांगा. त्या रांगेच्या अगदी शेवटच्या टोकाला एखाद्या घराच्या मागच्या खोलीत मॉडेल जोडणारं पोरगं असतं. ते टोकच आपण कापून टाकतोय, हे मला म्हणायचं आहे.

बाहेरचं बघा. लुका आयकोनी-स्टुअर्ट नावाच्या अमेरिकन पोरानं २००८ मध्ये शाळकरी वयात कागदी फायलींच्या जाड पुठ्ठ्यातून बोइंग ७७७ बनवायला घेतलं. साठास एक प्रमाण. वर्षानुवर्षं करत राहिला. आतल्या खुर्च्या कागदाच्या, चाकं कागदाची, आणि दोन्ही जीई९० इंजिनंही कागदाची. आणि विमान कुठल्या कंपनीचं? एअर इंडियाचं! आपल्या कंपनीच्या विमानाचं जगातलं बहुतेक सगळ्यात गाजलेलं मॉडेल एका अमेरिकन पोरानं बनवलं. त्या खऱ्या जीई९० चं एक पातं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पात्याला कला मानणारे लोक आहेत, राजेहो.

रोल्स-रॉइसनं २०१२ च्या फार्नबरो विमान प्रदर्शनात ट्रेंट १००० या इंजिनाचं निम्म्या आकाराचं मॉडेल ठेवलं. कशाचं? लेगोच्या १,५२,४५५ विटांचं. ड्रीमलायनरला बसणारं हे दुसरं इंजिन. कंपनीला काही विटा विकायच्या नव्हत्या. पोरांनी थांबून बघावं आणि त्यातल्या काहींनी इंजिनिअर व्हावं, एवढ्यासाठी केलं.

आणि जर्मनीचे कुर्ट श्रेकलिंग. त्यांनी घरच्या घरी खरंखुरं चालणारं छोटं जेट इंजिन बनवलं, मॉडेल विमानासाठी. हवा दाबणारं चाक प्लायवूडचं होतं, वरून कार्बन फायबरचं बळ दिलेलं. १९९० च्या दशकात त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्याच्या पुढच्या आवृत्त्या बनवल्या. कोणी ट्रकच्या टर्बोचार्जरचं चाक वापरलं, कोणी कॅम्पिंगच्या गॅसच्या डब्याचं कवच केलं. आज मॉडेल विमानांसाठी छोटी जेट इंजिनं विकणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचं मूळ अशा गॅरेजांत आहे. (इथं एक सूचना. चालणारं इंजिन मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. चाक फुटलं तर बंदुकीच्या गोळीसारखे तुकडे उडतात. हे काम घराच्या गच्चीवर करायचं नाही. मी बोलतोय ते मोटरवर फिरणाऱ्या, टेबलावरच्या मॉडेलबद्दल.)

आता आपल्या गावाकडे या.

सक्करदरा चौकातून मिहान किती लांब आहे? गाडीनं अर्धा-पाऊण तास. तिथं एअर इंडियासाठी बोइंगनं उभारलेला विमान दुरुस्तीचा कारखाना आहे. २०१५ पासून चालू. ड्रीमलायनर आणि ७७७ तिथं येतात, त्यांच्या इंजिनांचंही काम तिथं होतं. म्हणजे भाऊंनी विसास एक प्रमाणात केलेलं इंजिन खऱ्या मापात आपल्याच गावात उघडलं जातं. दासो-रिलायन्सचा कारखाना २०१८ पासून फाल्कन विमानाचे भाग बनवतो, आणि पूर्ण फाल्कन २००० विमान नागपुरात जोडायची घोषणा २०२५ मध्ये झाली. वायुदलाच्या अनुरक्षण कमानचं मुख्यालय नागपुरात. वायुदलाची विमानं, इंजिनं, हत्यारं यांच्या देखभालीचा देशभरचा कारभार वायुसेना नगरातून चालतो. भारतात अशी शहरं किती असतील?

आणि या शहरातल्या दहावीच्या पोराला विचारा, जेट इंजिनाच्या आत काय असतं. तो म्हणेल, "पंखा असते."

त्याचा काय दोष? त्याला आतलं दाखवणार कोण? हँगर सुरक्षित क्षेत्र आहे, तिथं कोणालाही सोडू नये हे बरोबरच. वायुदलाचं तर बोलायलाच नको. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये वायुसेना नगरात एअर फेस्ट झाला, सूर्यकिरणची विमानं पाहायला अख्खं नागपूर लोटलं. माना वर करून पाहिलं, टाळ्या वाजवल्या, घरी आले. विमान आपल्यासाठी आकाशातली वस्तू आहे. टेबलावर घेऊन खोलायची वस्तू नाही. हा फरक छोटा वाटतो, पण नोकरीच्या वेळी तो मोठा होतो. विमानाचा सांगाडा जोडणाऱ्या फिटरचा अभ्यासक्रम दासोच्या मदतीनं नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये सुरू झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या जागेसाठी अर्ज करावासा वाटण्याआधी पोराच्या मनात काहीतरी पेटलेलं असावं लागतं ना?

हे सगळं २०२५ च्या जूनमध्ये फार बोचलं. १२ जूनला अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर पडलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, अशी २६० माणसं गेली. पुढचा महिनाभर व्हॉट्सॲपवर प्रत्येक जण विमानतज्ज्ञ झाला होता. मग १२ जुलैला प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतरानं 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले, असं त्यात होतं. असं का झालं ते सांगणं चौकशी करणाऱ्यांचं काम, मी त्यात पडत नाही. पण इंधन बंद होणं म्हणजे इंजिनाच्या आत नेमकं काय होणं, हे सांगायला आमच्या धंद्यातल्या लोकांनाही शब्द सापडत नव्हते. त्या संध्याकाळी भाऊंच्या मागच्या खोलीत मोहल्ल्यातली आठ-दहा माणसं बसली होती. भाऊंनी मोटर बंद केली. मधला गाभा मंदावला, मग पुढचा पंखा. म्हणाले, "आग गेली का टर्बाइनले ढकलनारं कोनी राहत नाही. टर्बाइन थांबलं का पंख्याले फिरवनारं कोनी राहत नाही. पुन्हा पेटवाचं तं वेळ लागते. आन् वेळ पाहिजे तं उंची पाहिजे." खोलीत कोणी बोललं नाही. त्या दिवशी ते मॉडेल कोणाला खेळणं वाटलं नाही.

सरकारला मात्र वाटतं. आता मूळ मुद्द्यावर येतो.

सीमाशुल्काच्या तक्त्यात ९५०३ क्रमांकाचं एक शीर्षक आहे. त्यात तीनचाकी सायकली, बाहुल्या, कोडी येतात आणि त्याच ओळीत 'लहान प्रमाणातली मॉडेल्स, चालणारी असोत वा नसोत' हेही येतं. म्हणजे बाहुली आणि जेट इंजिनाचं मॉडेल एकाच टोपलीत. २०२० च्या अर्थसंकल्पात या टोपलीवरचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं. २०२३ मध्ये ७० टक्के. एखाद्या दुकानदारानं बर्डीवर असे शंभर संच आणून विकायचं ठरवलं, तर दहा हजारांच्या संचावर सात हजार नुसतं शुल्क. वर जीएसटी, वर भाडं, वर त्याचा नफा. मग तो कशाला आणेल? तो आणतच नाही. स्वतःपुरता एखादा मागवायचा तर दर वेगळा, आणि फेऱ्याही वेगळ्या. भाऊंच्या एका पार्सलवर 'जेट इंजिन' असे शब्द होते. ते कुठं अडकलं आणि कोणी अडकवलं हे लिहीत नाही. पण महिनाभर त्यांना "हे नेमकं कशासाठी आहे" याचं उत्तर पुन्हा पुन्हा लिहून द्यावं लागलं. 'शोकेसमध्ये ठेवण्यासाठी' असं लिहिल्यावर सुटलं. 'शिकण्यासाठी' लिहिलं तेव्हा सुटलं नव्हतं!

मी एकतर्फी बोलणार नाही. खेळण्यांवरचं शुल्क वाढलं त्याला कारण होतं. स्वस्त, रंग निघणारी, पोरांनी तोंडात घातली तर अपाय होईल अशी खेळणी बाहेरून येत होती आणि इथले कारागीर मरत होते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला, तेही योग्य झालं. पण तो नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. म्हणजे दर्जाच्या नियमात सरकारला लहान मुलांचं खेळणं आणि मोठ्यांचा छंद यातला फरक कळतो. कराच्या तक्त्यात कळत नाही.

आणि गंमत पुढंच आहे. त्याच तक्त्यात ९०२३ क्रमांकाचं दुसरं शीर्षक आहे. शिक्षणात किंवा प्रदर्शनात दाखवण्यासाठी बनवलेली, दुसऱ्या कामाची नसलेली मॉडेल्स. त्याचा दर खेळण्यांच्या मानानं फारच कमी. म्हणजे एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजनं वर्गात दाखवायला कापलेलं इंजिन आणलं तर ते शिक्षण. आणि तेच ज्ञान देणारा संच सक्करदऱ्यातल्या टर्नरनं किंवा नंदनवनातल्या नववीच्या पोरीनं घेतला तर ते खेळणं. कॉलेजात गेल्याशिवाय माणूस शिकत नाही, हे कोणी ठरवलं?

संरक्षण द्यायचंच असेल तर जरूर द्या. इथं कोणी असे संच बनवायला उभा राहिला तर मी स्वतः त्याची बातमी करीन, पहिला संच विकतही घेईन. पण इथं बनत नाही, बाहेरून येऊ देत नाही, आणि भाषणात आत्मनिर्भर इंजिन! हा हिशेब जुळत नाही.

आता काही जण म्हणतील, शाळेच्या छपराला भोकं आहेत आणि तुम्ही इंजिनाच्या पात्याची भोकं मोजून राहिले. मान्य. पण सरकारनं शाळांत आधीच दिलेल्या वस्तूंचं काय? २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेत शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाल्या. एका शाळेला २० लाखांपर्यंत. देशात दहा हजार शाळांत त्या झाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार करायची घोषणा झाली. या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर असतो. भाऊंनी पाती ज्या यंत्रावर काढून घेतली तसलंच यंत्र. एका शाळेत (नाव नको) मी ते प्लास्टिकच्या कव्हरखाली पाहिलं. कव्हरवर धूळ, धुळीवर कोणीतरी बोटानं काढलेलं नाव. सर म्हणाले, "बिघडलं तं भरून कोन देनार जी? म्हनून बंदच ठेवतो." सरांचं चुकलं असंही म्हणवत नाही. ज्याला जबाबदारी दिली त्याला बिघडवायची मुभा दिलीच नाही, तर तो कुलूपच लावणार.

आणि छोट्या मॉडेलला सजवणं, त्यात जीव ओतणं ही काही परदेशी खूळ नाही, हे नागपूरकरांना मी सांगायला पाहिजे का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा कोण करतं? आपणच ना? भोसले राजांच्या काळापासून, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही रीत चालत आली असं सांगतात. खऱ्या बैलांचा पोळा मोठ्यांचा, लाकडी नंदीचा पोळा पोरांचा. पोरांना खऱ्या बैलाजवळ जाता येत नाही, पण बैल ओळखीचा झाला पाहिजे, म्हणून त्याचं छोटं रूप हातात दिलं. त्याला चाकं लावली, झूल शिवली, शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरू बांधले. घरोघर नेलं, बोजारा मिळवला. सक्करदऱ्यात आजही गल्लीगल्लीत मांडव पडतात, नंदीसजावटीची बक्षिसं लागतात, कुठं कुठं सायकलसुद्धा. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याची मुलाला लहानपणीच ओळख करून द्यायची, हे शहाणपण आपल्या पूर्वजांकडे होतं. घर आता बैलाच्या जिवावर चालत नाही. मिहानच्या नोकरीवर चालावं अशी स्वप्नं आपल्याला गेली वीस वर्षं दाखवली जात आहेत. मग त्या इंजिनाचा तान्हा पोळा कुठं आहे?

म्हणून माझ्या चार मागण्या. पटल्या तर उचला, नाही पटल्या तर कमेंटमध्ये भांडा.

एक. आपल्या खासदार-आमदारांनी दिल्लीत एवढंच मांडावं की मोठ्यांसाठी असलेले, जोडायचे तांत्रिक मॉडेल-संच खेळण्यांच्या ७० टक्क्यांतून बाजूला काढा. बाहुलीचं संरक्षण बाहुलीला राहू द्या. तक्त्यात एक ओळ घालायची आहे. तिजोरीला यातून पडणारा खड्डा शोधून सापडणार नाही.

दोन. गांधीसागराजवळचं रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून आपल्या पोरांना विज्ञान दाखवतंय. तिथं एक खरं, आयुष्य संपलेलं, कापून उघडं केलेलं जेट इंजिन असावं. या शहरात वायुदलाची अनुरक्षण कमान आहे, मिहानमध्ये इंजिनं खोलली जातात. भंगारात निघालेलं एक इंजिन मिळवणं या शहराला जमू नये? आणि त्याच्या शेजारी महिन्यातून एक रविवार टर्नरभाऊंसारख्या माणसाला टेबल द्या. खरं इंजिन आ वासून पाहायला लावतं, मॉडेल हात लावू देतं. दोन्ही पाहिजे.

तीन. ज्या शाळांत टिंकरिंग लॅब आहेत त्यांनी सुटीच्या दिवशी त्या मोहल्ल्यासाठी उघडाव्यात. देखरेखीला निवृत्त फिटर, टर्नर, वायुदलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ नागपुरात शेकड्यांनी मिळतील. चहावर येतील. आणि प्रिंटर बिघडला तर मास्तरकडून वसुली होणार नाही, असा एक ओळीचा कागद शिक्षण विभागानं काढावा.

चार. ही आपल्या हातातली, सरकार लागत नाही. पुढच्या तान्ह्या पोळ्याला मंडळांनी नंदीच्या स्पर्धेशेजारी एक छोटं टेबल लावावं, पोरांनी स्वतः बनवलेल्या चालत्या यंत्राचं. मग ते इंजिन असो, पंप असो की पवनचक्की. अट एकच. विकत आणलेलं जसंच्या तसं चालणार नाही, स्वतः काहीतरी बदललेलं असलं पाहिजे. आणि परीक्षकानं फक्त एक प्रश्न विचारावा, "हे कायनं फिरते, सांग."

भाऊंना मी विचारलं होतं, एवढं सगळं करून मिळतं काय? म्हणाले, "साहेब, मी तीस वर्षं भाग बनवले. कोन्या मशीनमंधी लागले, मले कधी समजलं नाही. हे पहिलं मशीन आहे जे मले पूर्न माहीत आहे."

तीस वर्षं काम केलेल्या कारागिराची ही अवस्था. हातात कसब आहे, पण ते कशासाठी वापरलं जातं हे कोणी दाखवलंच नाही. आपण पोरांना कारखान्यासाठी तयार करतोय असं म्हणतो आणि प्रत्यक्षात त्यांना भागच बनवायला शिकवतोय. पूर्ण यंत्र ज्यानं एकदा खोलून पुन्हा जोडलं, ते पोरगं पुढं जाऊन नवीन यंत्र मागेल, किंवा बनवेल. दोन्ही चालेल.

भाऊंचं पुढचं काम सुरू झालं आहे. ड्रीमलायनरच्या इंजिनाच्या आवरणाला मागं करवतीच्या दात्यांसारखी किनार असते, ती आवाज कमी करायला. ती करून राहिले आहेत. मोहल्ल्यातली दोन पोरं सध्या रोज रात्री त्यांच्याकडे बसतात, एक पॉलिश पेपर मारतो, दुसरी मापं घेते. ज्यांना पाहायला यायचं आहे त्यांनी मला मेसेज करा, भाऊंना विचारून सांगतो. पोरांना घेऊन या. फक्त सोबत येताना "हे खेळणं केवढ्याचं?" असं विचारू नका.

पोस्ट आवडली तर शेअर करा, नावासकट किंवा नावाशिवाय, कशीही. खासदारांपर्यंत पोहोचली तर बरं. मास्तरांपर्यंत पोहोचली तर त्याहून बरं.